चार नंबरच्या बाऊलची चाल

एका ताटात शर्टाची चार बटणं ठेवा आणि ताटाला खालून, एकाच बाजूने, बोटाने टिचक्या मारत राहा. बटणं जागच्या जागी उडतील. थोड्या वेळाने तुमच्या लक्षात येईल, की ती सगळी एकाच दिशेला सरकताहेत. तुम्ही त्यांना ढकललेलं नाही. त्यांच्या पायाखालची जमीन तेवढी हलवलीत. आमचं सगळं काम एवढ्यावर चालतं.

आमच्या कारखान्यात दमेकऱ्यांसाठी तोंडात धरून दाबायचे पंप बनतात. प्रत्येक पंपात नखाएवढा एक व्हॉल्व असतो आणि त्याच्या पोटात एक स्प्रिंग. पंप दाबला की व्हॉल्व उघडतो, मोजका फवारा सोडतो आणि लगेच मिटतो. हे व्हॉल्व आमच्याकडे बाहेरून पोत्यातून येतात, एकमेकांवर कसेही पडलेले. मशीनला मात्र ते एकामागे एक, डोकं वर करून उभे हवे असतात. ते काम बाऊलचं.

बाऊल म्हणजे परातीएवढं स्टीलचं खोल भांडं. त्याच्या आतल्या भिंतीवर तळापासून काठापर्यंत गोल गोल चढत जाणारी, बोटभर रुंदीची वाट असते. भांडं उभं असतं तिरक्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर, आणि खाली बसवलेलं चुंबक त्याला सेकंदाला शंभर वेळा ओढतं आणि सोडतं. दर वेळी वाट किंचित वर आणि पुढे जाते, मग व्हॉल्वच्या पायाखालून मागे निसटते, आणि व्हॉल्व केसभर पुढे पडतो. असा केसाकेसाने तो जिना चढतो. वर शेवटी एक अरुंद जागा असते, तिला आम्ही दार म्हणतो. उभा असलेला व्हॉल्व दारातून पलीकडे जातो. आडवा असलेला घरंगळून पुन्हा भांड्यात पडतो आणि पुन्हा चढायला लागतो. त्याला कुणी रागवत नाही, कुणी हात लावत नाही.

दार कुठे किती घासायचं, कुठल्या बाजूला किती वजन लावलं म्हणजे भांडं सारखं थरथरेल, हे पुस्तकात मिळत नाही. ते मला माझ्या थोरल्या भावाने शिकवलं. आमच्याकडचे चार बाऊल दादाच्या हातचे होते. पहिल्या तिघांच्या जागी एकेक करून कॅमेऱ्याने बघून व्हॉल्व उचलणारी यंत्रं आली. चौथा राहिला होता. आणि दीड महिन्यापूर्वी दादा गेला.

त्या सोमवारी चार नंबरने माल परत टाकायला सुरुवात केली.

आडवे व्हॉल्व पडतात हे ठीक. पण हे उभे होते. दारापर्यंत व्यवस्थित यायचे, दारात अडखळायचे आणि पडायचे. मी एकेक उचलून पाहिला. कुठे ओरखडा नाही, चिमटा नाही. पुढचं मशीन मात्र मिनिटामिनिटाला उपाशी राहून थांबत होतं, आणि त्याच्या डोक्यावरचा लाल दिवा लागला की अख्खी शेड माझ्याकडे बघायची.

दुपारी साहेब आले. माणूस वाईट नाही, पण त्यांना सगळ्या गोष्टींना तारीख लावायची सवय. त्यांनी शांतपणे सांगितलं, की कॅमेऱ्याचं यंत्र गोदामात येऊन पडलंय. शुक्रवारपर्यंत चार नंबर सुरळीत झाला तर ते दुसऱ्या शेडला देऊ. नाही झाला तर इथे लावू आणि हा भंगारात. मी मान हलवली. दादाच्या हातचं जगात तेवढं एकच भांडं चालू होतं, हे त्यांना सांगून काय उपयोग होता?

मी पडलेले व्हॉल्व गोळा केले. एकतीस भरले. प्रत्येकाच्या कडेला निळ्या शाईचा ठिपका दिला आणि पुन्हा बाऊलमध्ये, इतर हजारोंच्या गर्दीत सोडून दिले. दोष दाराचा असेल तर या वेळी दुसरेच कुणीतरी पडतील, असा साधा हिशेब.

तासाभरात दाराशी अडखळून पडलेले व्हॉल्व मी मोजले. एकतीस. सगळ्यांवर निळा ठिपका.

पुन्हा सोडले. पुन्हा तेच एकतीस. तिसऱ्या खेपेला मी मोजणं सोडलं आणि नुसती बघत राहिले. त्या एवढ्या गर्दीत निळे ठिपके हळूहळू एकमेकांना गाठत होते. वाटेवर चढताना बाकीचे व्हॉल्व पुढे-मागे व्हायचे, एकमेकांना ओलांडायचे. हे एकतीस मात्र एकामागे एक, शाळेतली पोरं चालतात तसे, एका ओळीत चढत होते आणि दारात येऊन एकेक करून खाली उडी टाकत होते.

मंगळवारी सकाळी मी ते डबीत घालून मायक्रोमीटरकडे नेले. मायक्रोमीटर म्हणजे आमचा तपासनीस. केसाचीही जाडी मोजल्याशिवाय भांग पाडत नाही, असं त्याच्याबद्दल म्हणतात. त्याने एकतीसच्या एकतीस मोजले. नियमाप्रमाणे प्रत्येक पाच वेळा दाबून पाहिला.

"ताई, हे व्हॉल्व तुमच्या-माझ्यापेक्षा सरळ आहेत," तो म्हणाला. "खोट तुमच्या भांड्यात आहे."

जेवणाच्या सुट्टीत शेड बंद होते. मुख्य बटण खाली पडतं आणि इतका वेळ कानात भरलेली घरघर एकदम ओसरते. मी जेवायला गेले नाही. चार नंबरजवळ उभी राहिले आणि सवयीने काठावर तळवा ठेवला. दादा मला लहानपणापासून तसंच करायला लावायचा. डोळे मीट, म्हणायचा, आणि हाताने ऐक.

भांडं बंद होतं. वायर काढलेली मला समोर दिसत होती. तरी तळव्याखाली काहीतरी चालत होतं. हलकं, पण अगदी स्पष्ट. टक, टक, सर्र. टक, टक, सर्र.

ती चाल मला ओळखायला वेळ लागला नाही. दादाचा डावा पाय जन्मापासून आखूड. त्या बुटाच्या टाचेखाली त्याने स्वतः लेथवर घडवलेली दोन बोटं जाडीची पितळी पट्टी बसवली होती. दोन पावलं नीट पडायची आणि मग डावा पाय उचलताना पट्टी फरशीवर घासायची. लहानपणी जिन्यात तो आवाज आला की मी अभ्यासाचं पुस्तक उघडायची. मोठेपणी कारखान्यात तोच आवाज आला की सगळे फिटर सिगारेट विझवायचे.

सुट्टी संपून बाऊल सुरू झाला, तेव्हा मी व्हॉल्वच्या चालीकडे नीट पाहिलं. दाराच्या अलीकडे वीतभर अंतरावर सगळेच व्हॉल्व दोन पावलं टाकून तिसऱ्याला किंचित घसरत होते. टक, टक, सर्र. चांगले व्हॉल्व त्यातून सावरत. निळे ठिपके सावरत नसत.

भांडं एका जागी असं लंगडतं याचा अर्थ खाली एका बाजूला वजन जास्त झालंय. हे मला शिकवलेलं होतं, त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. मी बाऊल थांबवला, जमिनीवर पाठ टेकून खाली सरकले आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा आत घातला.

काठाच्या खालच्या अंगाला, जिथे आम्ही समतोलाची वजनं लावतो तिथे, एक पितळी पट्टी दोन बोल्टांनी आवळलेली होती. दोन बोटं जाडीची, अर्ध्या चंद्राच्या आकाराची, एका कडेने झिजलेली. ती कड फरशीवर घासून घासून झिजते ते मी चाळीस वर्षं बघत आले होते.

आणि बोल्टांवर हिरवी रेघ होती. फिटर माणूस बोल्ट आवळला की त्याच्या डोक्यावरून पलीकडच्या पत्र्यापर्यंत रंगाची एक रेघ ओढतो. पुढे बोल्ट कणभर जरी सैल झाला तरी रेघ तुटलेली दिसते. ज्याचा त्याचा रंग ठरलेला. माझी लाल. दादाची हिरवी, कारण फार वर्षांपूर्वी त्याने माझी नखांना लावायच्या हिरव्या रंगाची बाटली ढापली होती आणि ती अखेरपर्यंत परत दिली नव्हती. तसला हिरवा रंग मी पुन्हा कुठल्या दुकानात पाहिला नाही.

मी बोट लावलं. रंग बोटाला चिकटला.

संध्याकाळी मी दादाच्या घरी गेले. वहिनी खिडकीशी बसून पंपाचा फवारा घेत होती. तिला दमा आहे आणि आमच्याच कारखान्याचे पंप ती वापरते. तिचं झाल्यावर मी गप्पांच्या ओघात विचारावं तसं विचारलं, की दादाच्या बुटाच्या जास्तीच्या पट्ट्या कुठे ठेवल्यात?

"जास्तीच्या कुठल्या? एकच होती," वहिनी म्हणाली. "ती त्यांच्याबरोबर गेली. वन्सं, अहो, तुम्हीच तर बूट घातलात त्यांना. नाडी मला बांधता येईना म्हणून तुम्ही बांधलीत."

मला आठवत होतं. टाचेखाली हात घालून बूट चढवताना पट्टी गार लागली होती, तेही आठवत होतं.

दादाची हत्यारांची पेटी वहिनीने पलंगाखाली ठेवली होती. मी ती ओढून उघडली. कानशी, पाने, आणि कोपऱ्यात हिरवी बाटली. आतला रंग सुकून दगड झाला होता. झाकण फिरेना. मी बाटली उलटी धरून पाहिली आणि जशी होती तशी परत ठेवली. मी निघताना वहिनी म्हणाली, की त्यांना एखाद्या कामात काही खटकलं असलं की घरात अशाच येरझाऱ्या घालायचे, जिवाला नुसता घोर. मी तिला येरझाऱ्यांबद्दल एक शब्द बोलले नव्हते.

बुधवारी मी ती पट्टी काढली.

का काढली हे खरं सांगायला हवं. थोडी भीती होती. पण भीतीपेक्षा हातातल्या कामाचा अभिमान जास्त होता. बाऊल गुळगुळीत, एकसुरी चालला म्हणजे तो नीट लागला, हे आमच्या धंद्यात सगळे धरून चालतात. लंगडणारं भांडं म्हणजे कारागिराला लाज. आणि शुक्रवार दोन दिवसांवर होता. बोल्ट सोडताना हिरव्या रेघा तुटल्या. पट्टी मी बाकावर ठेवली, वाटेला हात लावून पाहिला, दुसऱ्या अंगाला दोन छोटी वजनं लावून लाल रेघ ओढली आणि बटण दाबलं.

व्हॉल्व तेलावरून चालल्यासारखे चढले. निळ्या ठिपक्यांचे व्हॉल्व मी सगळ्यात आधी सोडले होते. एकेक करून तीस दारातून सरळ पलीकडे गेले, पुढच्या मशीनने त्यांना उचललं, पंपात बसवलं आणि पहिल्या खोक्यात भरलं. खरं तर खुणेचा माल मशीनच्या अलीकडे काढून घ्यायचा असतो. पण मायक्रोमीटरने ते चांगले म्हणून सांगितले होते. एकतिसावा तेवढा माझ्या बोटांत राहून गेला होता, तो मी बाकावर पट्टीशेजारी ठेवला.

दिवसभर लाल दिवा लागला नाही. साहेब स्वतः येऊन म्हणाले, की ताई, कॅमेऱ्याचं यंत्र दुसऱ्या शेडला सांगून टाकतो. फिटरांनी मला चहा पाजला. मी काठावर तळवा ठेवला तेव्हा आत काहीच नव्हतं. नुसतं थरथरणारं स्टील.

गुरुवारी सकाळी मी बाकाशी उभी राहून कानस घासून स्वच्छ करत होते. बाकाला बाऊलची थोडी थरथर नेहमीच पोचते. सुटे खिळे, वॉशर कधीकधी इकडेतिकडे सरकतात. पट्टीही सरकत होती. ती एकतिसाव्या व्हॉल्वला टेकली होती आणि त्याला माझ्या दिशेने ढकलत होती. टक, टक, सर्र. व्हॉल्व बाकाच्या कडेला आला आणि माझ्या पायाशी पडला. मी उचलून परत मध्ये ठेवला. मग चहाचा कप तोंडाला लावेपर्यंत तो पुन्हा कडेला. पुन्हा पडला. तिसऱ्या वेळी मी बाक बुडबुड्याच्या लेव्हलने तपासला. उतार उलट्या बाजूला होता. व्हॉल्व चढ चढून माझ्याकडे येत होता.

तेव्हा मी तो पट्टीवर उभा केला, दोन्ही मिळून कानाशी धरलं आणि कोपर बाऊलच्या चौकटीला टेकवलं. थरथर हातातून वर आली. आणि व्हॉल्वच्या पोटात मला एक बारीक खुळखुळ ऐकू आली, हलणाऱ्या दातासारखी. कोपर उचललं की बंद. टेकवलं की सुरू.

मायक्रोमीटरने तो मोजला होता तेव्हा तो स्थिर होता. स्थिर असताना त्यात काहीच खोट नव्हती. खोट थरथरताना जागी होत होती, आणि त्यामुळे त्याची उडी केसभर आखूड पडत होती. चांगल्या वाटेवर तेवढं खपून जातं. लंगड्या वाटेवर खपत नाही. दादा म्हणायचा, भांड्याला गप्प करणं सोपं आहे गं, आधी ते काय सांगतंय ते ऐकून तर घे. मी न ऐकताच गप्प केलं होतं.

बाऊल थांबवून मी साहेबांकडे गेले आणि कालपासूनचा सगळा माल रोखायला सांगितलं.

"सोमवारी तुम्ही म्हणालात बाऊल बिघडला," ते म्हणाले. "काल म्हणालात सुधारला. आज म्हणताय, काल मी तो बिघडवला. ताई, यातल्या कुठल्या दिवशी खरं बोललात ते एकदा सांगा."

"आज."

"आणि माल रोखल्यावर शुक्रवारचं काय होणार, माहीत आहे ना?"

माहीत होतं. मी हो म्हणाले.

पहिलं खोकं अजून गोदामात होतं. निळ्या ठिपक्यांचे तीस पंप मायक्रोमीटरने टेबलावर मांडले आणि एक उचलून दाबायला घेतला. नियमाच्या पाच वेळा नव्हे, पंप रिकामा होईपर्यंत. तो मनातल्या मनात मोजत होता, फक्त ओठ हलत होते. सत्तर. नव्वद. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. एकशे बाराव्या दाबाला व्हॉल्व आत गेला तो वर आलाच नाही. पंप सूं करत राहिला आणि पोटातलं सगळं औषध आमच्या डोळ्यांसमोर हवेत सोडून मोकळा झाला. दुसरा एकशे नऊला. तिसरा एकशे चौदाला. मायक्रोमीटरने चौथा हातात घेतला, पण दाबला नाही.

"मीच चांगले म्हणालो होतो," तो खाली बघत म्हणाला.

मला वहिनीची खिडकी आठवली.

पुढे व्हॉल्व कापून पाहिले तेव्हा स्प्रिंगच्या शेवटच्या वेढ्यात चीर सापडली. ती पूर्ण खेप परत गेली. पंप एकही बाहेर गेला नव्हता. त्या संध्याकाळी मी पट्टी पुन्हा काठाखाली बसवली आणि बोल्ट आवळले. रेघ ओढली नाही. माझ्या लाल रंगाची ती जागा नव्हती.

तरी शुक्रवारी चार नंबर काढलाच. साहेब मला बाजूला घेऊन सौम्यपणे बोलले. भांडं बरोबर होतं हे त्यांना मान्य होतं. पण ते का बरोबर होतं, हे कागदावर कसं लिहायचं, ते त्यांना कळत नव्हतं. आणि जे लिहिता येत नाही त्याच्या भरवशावर औषधाचं काम चालवता येत नाही. भंगाराऐवजी भांडं मला घरी न्यायला दिलं, एवढं त्यांनी केलं.

दोन फिटरांनी बाऊल स्प्रिंगांवरून उचलून उलटा ठेवला. काठाखाली माझी दोन छोटी वजनं होती, लाल रेघेसकट. समोरच्या बाजूला दोन भोकं रिकामी होती. पट्टी नव्हती. बाकावर, जमिनीवर, खोक्यांत, सगळीकडे शोधली. शेवटी एक फिटर म्हणाला, पितळ आहे, उचललं असेल कुणीतरी. मी हो म्हणून टाकलं.

भांडं वहिनीच्या खिडकीत ठेवलं. ती त्यात सुतळीची रिळं ठेवते.

सोमवारी नवीन यंत्र सुरू झालं. त्यात वाट नाही, दार नाही. एक पांढरं सपाट तबक थरथरतं, वरून कॅमेरा बघतो आणि यांत्रिक हात हवा तो व्हॉल्व उचलतो. ते बसवायला बाहेरून दोन तंत्रज्ञ आले होते, हसतमुख, भराभर बोलणारे. दुपारपर्यंत त्यांचं हसू आटलं. एक व्हॉल्व हाताला सापडत नव्हता. हात खाली यायचा आणि तो बाजूला सरकायचा. तबकाच्या कडेशी जायचा आणि खाली उडी टाकायचा. उचलून मध्ये ठेवला, की पुन्हा कडेला. त्यांनी जोर कमी करून पाहिला, वाढवून पाहिला, सगळं यंत्र पुन्हा लेव्हलला बसवलं.

"कुठेतरी जास्तीचं वजन आहे," त्यातला थोरला म्हणाला. "पण नकाशात तर नाही."

जेवणाची सुट्टी झाली. मुख्य बटण खाली पडलं. ते दोघे जेवायला गेले. मी तबकाच्या काठावर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि ऐकलं. मग जमिनीवर पाठ टेकून खाली सरकले आणि आरसा आत घातला.

ते परत आले तेव्हा मी कपडे झटकत होते. पडलेला व्हॉल्व मी थोरल्याच्या हातावर ठेवला आणि तो मायक्रोमीटरकडे नेऊन शेवटपर्यंत दाबून बघायला सांगितला. खाली काय आहे ते काढू नका, असंही सांगितलं. त्याने वाकून यंत्राखाली पाहिलं.

"हे कुणी लावलं?" त्याने विचारलं. "रंग अजून ओला आहे."

"आमच्या घरचाच माणूस आहे," मी म्हणाले, आणि हिरवं झालेलं बोट मुठीत मिटून घेतलं.